वेल्श विनोदवीराचा कार्यक्रम कसा पाहावा

दक्षिण वेल्समधल्या कार्डिफमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला पबच्या माडीवर स्टँड-अप पाहण्याची हौस आलीच, तर त्याने काही पथ्ये अवश्य पाळावीत. गेल्या शुक्रवारी ज्या सद्गृहस्थांना मी हौसेने सोबत नेले, त्यांनी ती सर्व एका बैठकीत शिकवली.

उशिरा यावे आणि पहिल्याच रांगेत बसावे.

तिकिटाचे आठ पौंड जास्त असल्याचे मोठ्याने सांगावे. बिअरच्या तिसऱ्या ग्लासाचा हिशेब मात्र काढू नये.

कलाकार वेल्श आहे असे कळताच वेल्श माणसांना चिडवायचा तो ठरलेला मेंढ्यांचा विषय काढावा. हा विनोद तिच्या कानावर प्रथमच पडत असणार!

तिला हे काम फार सोपे जाते, असे मानावे. ती बँगोरहून आली होती. वेल्सच्या उत्तर टोकाहून दक्षिणेला रेल्वेने यायचे तर गाडी इंग्लंडातल्या श्रूसबरीवरून वळसा घालते, आणि कार्यक्रम संपल्यावर परतीची गाडी मिळत नाही. म्हणून ती ए४७० या डोंगरी रस्त्याने, ट्रॅक्टरांच्या मागे रखडत, साडेचार तास मोटार हाकत आली, ती वीस मिनिटे बोलण्यासाठी. मे महिन्यात मखन्लेथ या वेल्श गावातल्या विनोदी महोत्सवात अर्धेकच्चे विनोद घासूनपुसून घ्यायचे आणि ऑगस्टमध्ये एडिनबरोच्या महोत्सवात पदरचे पैसे घालून महिनाभर तेच लोकांपुढे मांडायचे, हा या लोकांचा वर्षाचा क्रम. पुष्कळजण तिथून कर्ज घेऊनच परततात. त्यात ज्यांना वेल्श विनोदवीर एलिस जेम्सप्रमाणे वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत उभे राहायचे असते, त्यांना विनोद दोनदा रचावा लागतो, कारण श्लेष काही सामानासारखा उचलून पलीकडे ठेवता येत नाही. आणि तिने एकच वाक्य वेल्शमध्ये उच्चारले, तेव्हा आमचे गृहस्थ ओरडले, "माणसांच्या भाषेत बोल!" मध्यंतरात हेच गृहस्थ मुंबईत मराठीला कोणी विचारत नाही म्हणून हळहळत होते.

वेल्समधल्या कॅरफिलीत जन्मलेला विनोदी जादूगार टॉमी कूपर १९८४ साली दूरचित्रवाणीच्या थेट प्रक्षेपणात मंचावर कोसळला, तेव्हा प्रेक्षक हसत राहिले. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. त्यांची चूक समजू शकते. ते निदान त्याच्याकडे पाहत तरी होते. तुम्ही, गृहस्थहो, उरलेला वेळ फोनवर क्रिकेटचे धावफलक पाहत होतात, तेही पहिल्या रांगेत, त्या मुलीपासून चार हातांवर. ज्या भाषेतले ओ की ठो कळत नाही, तिला नावे ठेवायला तुम्हाला लाज वाटायला हवी होती. बिअर खालच्या मजल्यावरही मिळते. जिना तुमच्या पाठीमागेच होता.