एकोणीस-एकोणीस

माइक रायली: तीन सीझन, १९ विजय, १९ पराभव. नारळ मिळाला.

मॅट रूल: तीन सीझन, १९ विजय, १९ पराभव. करार २०३२ पर्यंत वाढवून मिळाला.

दोघेही नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचे हेड कोच. युनिव्हर्सिटी तीच, स्टेडियम तेच, फॅनही तेच. हा हिशेब, म्हणजे "एकाला काढलं तर दुसऱ्याला का ठेवलं?", इथे ओमाहात सध्या कुणी ना कुणी तोंडावर फेकतंच. ऑफिसात, सलूनमध्ये, परवा तर दाताच्या डॉक्टरने फेकला, माझं तोंड उघडं असताना. तिथे उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना हे प्रकरणच ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. हा अमेरिकन फुटबॉल, आणि तोही कॉलेजचा. पुण्याहून माझा दीर दरवर्षी विचारतो, "वहिनी, कॉलेजच्या मॅचसाठी एवढं काय?" त्याचंही बरोबर आहे. आपल्याकडे कॉलेजच्या टीमची मॅच बघायला कोण जातं? खेळणाऱ्यांचे मित्रसुद्धा कॅन्टीनमध्ये बसलेले असतात. पण नेब्रास्का राज्याची अख्खी लोकसंख्या वीसेक लाख. पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. एनएफएलची (व्यावसायिक फुटबॉल) टीम नाही, एनबीएची (बास्केटबॉल) नाही, मोठ्या लीगमधलं बेसबॉलही नाही. आहे ती युनिव्हर्सिटी ऑफ नेब्रास्काची टीम, हस्कर्स. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये १९६२ पासून आजवर प्रत्येक होम मॅच हाउसफुल्ल. (अलीकडे उरलीसुरली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन मुलांना वाटल्यामुळे हा रेकॉर्ड टिकला, हेही खरं. इथे ते मोठ्याने बोलायचं नसतं.) मॅचच्या दिवशी ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यात सगळ्यात जास्त माणसं त्या स्टेडियममध्ये असतात. २०२३ मध्ये तिथे मुलींच्या व्हॉलीबॉलची मॅच ठेवली, तिला ९२,००३ लोक आले. व्हॉलीबॉलला!

आमच्या शेजारच्या सीटवर एक आजोबा बसतात. मॅच समोर चालू असताना कानात इअरफोन घालून रेडिओवर तीच मॅच ऐकतात. मी विचारलं, असं का? म्हणाले, डोळ्यांवर भरवसा नाही, पुढे काय होणार ते रेडिओवाल्याला आधी कळतं. प्रत्येक तिसऱ्या वाक्यात त्यांच्या तोंडी "टॉम असता तर" असतंच. वाडा विकून फ्लॅटमध्ये आलेल्या घरात "आमच्या वाड्यात ना..." सुरू होतं, तसं.

टॉम म्हणजे टॉम ऑसबोर्न. १९७३ ते १९९७, सलग २५ सीझन हेड कोच. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरीत. एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ ची राष्ट्रीय अजिंक्यपदं. शेवटच्या पाच सीझनमध्ये ६० विजय आणि ३ पराभव. १९९५ च्या टीमने अजिंक्यपदाच्या सामन्यात फ्लोरिडाला ६२-२४ असं धुतलं. हे आकडे इथे पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात, आणि कुठलाही नवा कोच आला की त्याच्यासमोर हीच फूटपट्टी धरली जाते.

आता माझं म्हणणं. ही फूटपट्टी धरणाऱ्यांनी ऑसबोर्नचा फक्त शेवट लक्षात ठेवलाय. पहिलं अजिंक्यपद त्यांना मिळालं ते बाविसाव्या सीझनमध्ये. बाविसाव्या! पहिली पाच वर्षं ते कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाकडून दरवर्षी हरले. १९७८ मध्ये एकदाचं ओक्लाहोमाला हरवलं आणि पुढच्याच आठवड्यात मिसूरीकडून हरले. "मोठी मॅच जिंकता येत नाही" असा शिक्काच बसला होता. लोक इतके कुरकुरत होते की त्याच सुमारास कोलोरॅडोच्या नोकरीसाठी हा माणूस जाऊन बोलून आला होता. १९८४ च्या ऑरेंज बोलमध्ये (सीझननंतरच्या मानाच्या मॅचला बोल गेम म्हणतात) शेवटच्या मिनिटात मायामी ३१, आम्ही ३० असं झालं. एका गुणाची किक मारून बरोबरी साधली असती तर अजिंक्यपद जवळपास खिशात होतं. त्यांनी दोन गुणांसाठी पास टाकायला लावला. पास हुकला, अजिंक्यपद गेलं. आजचा जमाना असता तर त्या रात्री ट्विटरवर त्यांचं काय झालं असतं, कल्पना करा. कोलोरॅडोला जाऊ न देता या माणसाला आणखी एकोणीस वर्षं ठेवलं, म्हणून आज त्यांच्या नावाने उसासे टाकता येतात.

ऑसबोर्ननी १९९७ नंतर टीम त्यांचा असिस्टंट फ्रँक सॉलिचच्या हाती दिली. सॉलिचने सहा वर्षांत ५८ मॅच जिंकल्या आणि १९ हरल्या. २००१ च्या सीझनला अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत गेला. २००२ मध्ये ७-७ (आधी विजय, मग पराभव) झालं, पुढच्या वर्षी ९-३ वर परत आणलं, आणि त्या ९-३ नंतर त्याला काढलं. काढणाऱ्या अॅथलेटिक डायरेक्टरचा (युनिव्हर्सिटीच्या क्रीडाप्रमुखाचा) सूर असा होता की आम्ही टीमला सामान्य होऊ देणार नाही. पुढे आलेल्या बिल कॅलाहनच्या पहिल्याच वर्षी ५-६ झालं, १९६१ नंतरचा पहिला तोट्यातला सीझन. २००७ मध्ये कॅन्ससने आमच्यावर ७६ गुण चढवले. कॅन्ससने, जे बास्केटबॉलसाठी ओळखले जातात! डायरेक्टर गेला, मग कॅलाहन गेला.

मग बो पेलिनी. सात वर्षं, दरवर्षी नऊ किंवा दहा विजय. माणूस तोंडाचा फटकळ. २०११ मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध टीम मागे पडल्यावर लोक स्टेडियम सोडून निघाले, नंतर टीमने मॅच फिरवून जिंकली, तेव्हा त्याने फॅन लोकांना घातलेल्या शिव्यांची टेप दोन वर्षांनी बाहेर आली. २०१४ मध्ये नऊ विजयांवर त्यालाही घरी पाठवलं. मग रायली: ६-७, ९-४, ४-८. एकोणीस-एकोणीस.

स्कॉट फ्रॉस्टबद्दल लिहिताना मात्र मला अजूनही त्रास होतो. वुड रिव्हरचा, म्हणजे इथल्याच मातीतला पोरगा, १९९७ च्या अजिंक्य टीमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, खेळ चालवणारा खेळाडू), आणि २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाची टीम एकही मॅच न हरता काढलेला कोच. तो परत आला तेव्हा इथे दिवाळी होती. ४-८, ५-७, ३-५, ३-९. त्या ३-९ मधले नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांचे. २०२२ ची पहिली मॅच डब्लिनमध्ये, नॉर्थवेस्टर्नशी. २८-१७ अशी आघाडी असताना त्याने मुद्दाम छोटी किक मारून बॉल परत मिळवायचा जुगार खेळला, काही गरज नसताना. बॉल समोरच्यांना मिळाला, मॅच ३१-२८ ने गेली. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नसारख्या लहान टीमकडून ४५-४२, आणि दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, हकालपट्टी. करारानुसार भरपाई द्यायची होती दीड कोटी डॉलर. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ती निम्मी झाली असती. तीन आठवडे! ७५ लाख डॉलर तीन आठवड्यांचा धीर नाही म्हणून गेले. त्या रविवारी माझ्या फोनवर आलेल्या मेसेजमध्ये एकानेही पैशांचा विषय काढला नव्हता, सगळे "सुटलो" म्हणत होते.

बायआउटचं (करार मोडताना कोचला द्यायच्या भरपाईचं) हे वेड आमच्याकडेच आहे असंही नाही. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढताना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं मान्य केलं. पेन स्टेटने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जेम्स फ्रँकलिनला काढलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याची टीम राष्ट्रीय प्लेऑफच्या सेमीफायनलला होती.

आणि इथेच आमची गंमत झाली. रूल पेन स्टेटचाच माजी खेळाडू, त्यामुळे तो तिकडे जाणार अशी आवई उठली. ऑक्टोबरभर इथे लोकांचे चेहरे पडलेले. "रूल गेला तर संपलं सगळं." महिनाअखेरीस युनिव्हर्सिटीने २०३२ पर्यंतचा करार जाहीर केला, सगळ्यांनी सुटकेचा निश्वास टाकला. मग यूएससीकडून २१-१७. त्याच पेन स्टेटकडून, ज्यांच्याकडे कायमचा कोचही नव्हता, ३७-१०. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी आयोवाकडून घरच्या मैदानावर ४०-१६. बोल गेममध्ये यूटाकडून ४४-२२. चार आठवड्यांपूर्वी "जाऊ नको रे" म्हणणारेच नोव्हेंबर संपता संपता "एवढे पैसे कुणी दिले याला?" विचारत होते. आमच्या आजोबांनी दोन्ही वाक्यं तितक्याच ठामपणे म्हटली.

तर रायलीला नारळ आणि रूलला मुदतवाढ, हा अन्याय आहे का? मला नाही वाटत. रायलीला नऊ विजयांची टीम मिळाली होती आणि तो ४-८ ठेवून गेला. रूलला ४-८ वाली टीम मिळाली, त्याने ५-७, ७-६, ७-६ केलं. २०२४ मध्ये आठ वर्षांनी बोल गेम खेळलो आणि जिंकलो. आकडा सारखा, पण एक जिना उतरत होता, दुसरा चढतोय. निदान चढत होता.

पण रूलचे भक्त "वेळ लागतो हो" म्हणतात तेही मला पटत नाही. त्याच्याकडून तिसऱ्या वर्षी झेप अपेक्षित होती, आणि ती अपेक्षा फॅन लोकांनी हवेतून आणली नव्हती. आधीच्या नोकरीत, टेंपल युनिव्हर्सिटीला, त्याने २-१० वरून तिसऱ्या वर्षी दहा विजय काढले. मग बेलर युनिव्हर्सिटीला १-११ वरून तिसऱ्या वर्षी ११-३. स्वतःच्या नावावर तो हा इतिहास घेऊन आला, त्यावर करार झाला. मग तिसऱ्या वर्षी लोकांनी कॅलेंडर बघितलं तर त्यांचं काय चुकलं?

"छोटं राज्य आहे, इथे टॅलेंट कमी" हे कारण एकेकाळी बरोबर होतं. ऑसबोर्नच्या काळात गावागावातली शेतकऱ्यांची पोरं स्कॉलरशिप नसताना स्वतःच्या खर्चाने टीममध्ये यायची, चार वर्षं घाम गाळून स्टार्टर व्हायची. वॉक-ऑन म्हणतात त्यांना. आपल्या गावचा पोरगा मैदानात दिसायचा, म्हणून गाव टीमला आपलं म्हणायचं. आता टीमला १०५ खेळाडूंची मर्यादा आली, त्या पोरांची जागाच आक्रसली. बिग टेन कॉन्फरन्समध्ये (टीमच्या गटात) गेल्यावर टेक्सासातून खेळाडू आणायचा जुना संबंध पातळ झाला. खेळाडूंना उघडपणे पैसे मिळतात, "पोर्टल"मधून दरवर्षी टीम बदलता येते. नव्वदच्या दशकातली यंत्रणा आता कुणालाच उभी करता येणार नाही, ऑसबोर्नलाही नाही. हे मान्य.

पण मग इंडियाना युनिव्हर्सिटीचं काय करायचं? मोठ्या टीममध्ये तोवर इतिहासात सगळ्यात जास्त पराभव ज्यांच्या नावावर होते, ती टीम. कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आला, पहिल्या वर्षी ११-२, दुसऱ्या वर्षी एकही मॅच न हरता राष्ट्रीय अजिंक्यपद. आमच्याच कॉन्फरन्समध्ये, याच नियमांत. त्या रात्रीपासून "वेळ लागतो हो" हे वाक्य नेब्रास्कात कुणी सरळ चेहऱ्याने म्हणू शकत नाही. सिग्नेटी अपवाद आहे हे मलाही कळतं. दर राज्यात एक सिग्नेटी मिळत नाही. पण दार उघडं आहे एवढं तरी सिद्ध झालं.

मेमोरियल स्टेडियमच्या दगडी भिंतीवर कोरलेलं आहे की विजय नव्हे, कृती महत्त्वाची. गोल नव्हे, खेळ महत्त्वाचा. त्याच भिंतीखाली उभं राहून रुंझा खात (कोबी आणि खिमा भरलेला पाव, इथला वडापाव समजा) लोक कोचच्या नावाने बोटं मोडतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पाहुण्या टीमलाही उठून टाळ्या वाजवणारे फॅन आहेत हे. सलग सात तोट्यातले सीझन, २०१७ ते २०२३, बघून झाल्यावरही नोव्हेंबरच्या थंडीत येऊन बसतात. त्यांनी मागायचं नाही तर कुणी मागायचं?

फक्त १९९७ मागू नका. मी रूलकडे मागते ते एवढंच: हातातली मॅच घालवू नको. आयोवाकडून २०१८ मध्ये शेवटच्या क्षणी फील्ड गोलवर (तीन गुणांच्या किकवर) हरलो. २०१९ मध्ये तसंच. २०२३ मध्ये तसंच, १३-१०. २०२४ मध्ये परत तसंच, आणि स्कोअरही परत १३-१०. कोच बदलला, क्वार्टरबॅक बदलले, आयोवाचे किक मारणारे बदलले, शेवट बदलला नाही. आणि २०२५ मध्ये तर शेवटापर्यंतही गेलो नाही. याला टॅलेंट, पैसा, पोर्टल यातलं काही लागत नाही. शेवटच्या चार मिनिटांत डोकं ठिकाणावर लागतं, आणि ते कोचिंगचं काम आहे.

यंदा आठ विजय आणि त्यात आयोवा असेल तर मी पुढची दोन वर्षं रूलच्या बाजूने भांडेन, आजोबांशीही. परत सात आणि आयोवाकडून मार, तर "जिना चढतोय" हे माझं वाक्य मी मागे घेईन. मात्र त्याला काढायची पिटिशन घेऊन कुणी आलं तर सही करण्याआधी मी विचारणार: बायआउट किती, आणि तो कमी कधी होतो?