सुशीला हीस, मामाकडून

लिफ्टचं दार बंद होता होता आत्याने माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं आणि हळू आवाजात म्हणाली, "असू दे गं. आपल्याच माणसांपासून काय लपवायचं." दार बंद. लिफ्ट खाली. मूठ उघडून बघते तर पाचशेच्या चार नोटा, चौपदरी घड्या घातलेल्या, घामाने दमट. कार्यक्रम रविवारी झाला, आज बुधवार, आणि त्या नोटा फ्रिजवर पडल्यात. दूध काढायला गेलं की दिसतात आणि मी नव्याने चिडते.

झालं असं की आईची पंचाहत्तरी होती. बंगळूरच्या भावाने फोनवर सांगितलं, "मंजू, हॉलबिल नको, साधंच करू, घरगुती, जुन्या काळचं असं काहीतरी," आणि एक रील पाठवलं. त्यात कुणीतरी बाई गोणपाट, कंदील आणि जुनी ट्रंक मांडून हसत होती. भावाचं काम तिथे संपलं. मी एका डेकोरेटरला विचारलं तर त्याने 'जुना वाडा थीम'चे ३८ हजार सांगितले, आणि त्यात काय काय येणार तर फायबरचं बैलगाडीचं चाक, प्लास्टिकचा झेंडू आणि रेडिओचा कटआउट. कटआउट! पुठ्ठ्याचा रेडिओ! मी म्हणलं त्यापेक्षा १२ हजारांत मी स्वतः करते, सगळं खरं आणि सगळं हाताने. नवऱ्याने नुसतं वर बघितलं आणि परत पेपरात तोंड घातलं. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला वेळेवर एकदाही अडवू शकला नाही.

पहिला मान आमंत्रणांचा. छापील नकोत, व्हॉट्सॲप तर नकोच, म्हणून ६० पोस्टकार्डं आणली. अजूनही पन्नास पैशाला एक मिळतं, म्हणजे ३० रुपयांत अख्खं काम. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ती फारच कोरी दिसत होती, म्हणून चहाच्या पाण्यात बुडवली, दोरीवर वाळत घातली, कडा मेणबत्तीवर जरा जरा जाळल्या, आणि शेवटचा हात म्हणून प्रत्येकाचा एक कोपरा अलगद फाडला. जुनाट वाटावं म्हणून हो.

आता वाचणाऱ्यांपैकी पन्नाशीच्या पुढचे जे असतील त्यांनी इथे कपाळावर हात मारला असेल. कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी असायची हे मला माहीत नव्हतं असंही नाही, लहानपणी बघितलंय, पण सौंदर्यदृष्टी एकदा अंगात आली की माणसाला बाकी काही आठवत नाही. मिरजेच्या चुलतमावशीने कार्ड हातात घेतलं, कोपरा बघितला, आणि न वाचता तडक डोक्यावरून अंघोळ केली. मग ओलेत्याने वाचलं. मग मला फोन. "अगं सुशी आहे ना?" म्हणलं, "आहे मावशी, टीव्ही बघतीये." पलीकडे बराच वेळ शांतता, आणि मग, "मग माझी अंघोळ फुकट गेली की." आनंद झाल्याचं एक अक्षर नाही. बाई आली पण नाही कार्यक्रमाला, केस ओले राहून सर्दी झाली म्हणे.

मग गोणपाट. भुसार दुकानातून पोती आणली, उसवली, धुतली, इस्त्री केली (पोत्याला इस्त्री! माझ्या लग्नातल्या शालूला केली नाही एवढी मन लावून), आणि क्लबहाऊसच्या भिंतीवर आईच्या जुन्या साड्यांच्या पताका करून त्याच्यावर सोडल्या. आईला आदल्या दिवशी कौतुकाने दाखवायला नेलं. ती चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली, मला वाटलं भरून आलं. तर म्हणाली, "दुष्काळात रेशनवर मिलो यायचा ना, त्याची पोती अशीच दिसायची. माझं लग्न त्र्याहत्तरचं म्हणून लावलंस होय?" तिचं लग्न त्या बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात झालेलं. भांडी शेजारची, सतरंज्या शाळेच्या, आणि पंगतीला ती अमेरिकेची लाल ज्वारी. साधेपणाचा आमच्या घरातला खरा अनुभव तो, आणि तो कुणी हौसेने घेतला नव्हता.

पण ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले तो तांब्या.

आमच्या घरात खरं तर पितळेला तोटा नव्हता. घंगाळ होतं, बंब होता, पातेल्यांची उतरंड होती. १९८८ साली आईने ते सगळं वजनावर मोडीत घातलं आणि स्टीलचे उतरत्या भाजणीचे सहा डबे आणले, आणि मी तिसरीत होते, मला आठवतंय, आम्ही सगळे त्या डब्यांत तोंडं बघत बसलो होतो. जरीच्या साड्या बोहारणीला गेल्या. म्हणजे जे एकेकाळी घरातून घालवण्यासाठी घासाघीस केली, तेच आता मी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात उन्हात उभी राहून घासाघीस करून परत आणत होते. तिथे जमिनीवर पसरलेल्या पान्यांच्या, नळांच्या आणि बिनकाट्यांच्या घड्याळांच्या ढिगात मला हा फिरकीचा तांब्या दिसला. उचलला, बोटाने धूळ पुसली, तर गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: चि. सौ. कां. सुशीला हीस, मामाकडून. २०-५-५८.

सुशीला! आईचं नाव! मला तिथे उभ्या उभ्या हुंदका आला आणि विकणाऱ्याला तो दिसला, त्यामुळे बाराशेचा तांब्या चौदाशेला पडला. आतून काळा ठिक्कर होता, म्हणून कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या बाजूला कल्हईवाला शोधून काढला. आता कल्हईवाले शोधावेच लागतात. त्याने तांब्या भट्टीवर लालसर होईतो तापवला, नवसागर टाकला, पांढऱ्या धुराचा लोट माझ्या नाकात, मग कथलाचा तुकडा टेकवला आणि कापसाच्या बोळ्याने आतून असा काही फिरवला की काळं होतं तिथे एका दमात चांदी पसरली. खरं सांगते, या सगळ्या उपद्व्यापात मला निखळ आनंद झाला तो तेवढी पाच मिनिटं.

रविवारी तांब्या जुन्या ट्रंकेवर मधोमध ठेवला, त्यात निशिगंधाच्या चार काड्या, शेजारी आईबाबांच्या लग्नाचा अल्बम. ७५ कणकेचे दिवे मी आणि लेकीने पहाटेपर्यंत जागून केलेले. औक्षणासाठी सगळे पंखे बंद केले. पाच मिनिटांत पाहुणे वांग्यासारखे शिजायला लागले आणि अण्णामामा माझ्याच हस्तनिर्मित पोस्टकार्डाने वारा घेत ट्रंकेशी येऊन उभा राहिला.

अण्णामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तलाठी म्हणून रिटायर झाला. पण निवृत्त झाली ती नोकरी, मामा नाही. त्याला अजूनही जगातली कुठलीही वस्तू दिसली की ती कुणाच्या नावावर आहे हा पहिला प्रश्न पडतो. त्याने निशिगंध उपसून बाबांच्या हातात दिला, चष्मा लावला, तांब्या ट्यूबलाइटकडे तिरका केला (पाणी अल्बमवर), आणि चावडीवर नोटीस वाचतात त्या आवाजात वाचलं, "सुशीला हीस, मामाकडून." आणि थांबला.

"अक्का, कुठला मामा?"

आई पाटावर, समोर पंचाहत्तर दिवे, ती काय बोलणार.

"आपले मामा दोन," मामा सगळ्यांना उद्देशून म्हणाला, "एक बावन्न साली वारले. दुसऱ्याने हयातीत कुणाला सुपारीचं खांड दिलं नाही. मग तांब्या आला कुठून?"

तेवढ्यात आत्या पुढे झाली. "तारीख बघू? अठ्ठावन? अण्णा, वहिनींचा जन्म पन्नासचा ना?" हॉलमध्ये शांतता. चाळीस माणसं मनातल्या मनात वजाबाकी करतायत हे ऐकू येत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "आठ." आणि मग सगळ्यांनी माझ्या आईकडे अशा नजरेने बघितलं की जणू तिचं एक आधीचं लग्न आमच्यापासून लपवून ठेवलं होतं. बाबा निशिगंध धरून उभे. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "माझ्याशी त्र्याहत्तरला झालं. त्याआधीचं मला माहीत नाही."

मी म्हणलं, "अरे मामा, तो आपला नाहीये. विकत आणलाय. जुन्या बाजारातून." हे वाक्य मी बोलायला नको होतं.

"विकत? दुसऱ्या बाईचा लग्नातला आहेर?"

"शोसाठी रे. नाव सेम होतं म्हणून."

"खरेदीचा कागद?"

"जुन्या बाजारात कसला कागद मामा!"

"म्हणजे तुझा ताबा आहे, मालकी नाही." मामाने तांब्या खाली ठेवला, पण हात वर ठेवूनच. "नाव सारखं असणं हा काही पुरावा नव्हे मंजू. आमच्याकडे एकाच गावात चार-चार गणपत असायचे. मूळ धारक सुशीला, मग तिचे वारस, मग मोडवाला, मग तो बाजारातला इसम, मग तू. मधले फेरफार कुठायत? उद्या त्या सुशीलाबाईंचा नातू दारात उभा राहिला तर?"

"तर चौदाशे रुपयांना देईन त्याला!"

"नफ्याविना?" मामाने पहिल्यांदाच माझ्याकडे काळजीने बघितलं.

इकडे दिव्यांतलं तूप संपत चाललेलं, कणीक खरपूस भाजून हॉलभर पोळ्यांचा वास सुटलेला, आई पाटावर घामाघूम, आणि तेवढ्यात बी विंगच्या काकू आल्या, ज्यांनी अर्धंच ऐकलं होतं. त्यांनी मामाचे दोन्ही हात धरले. "केवढं प्रेमाने दिलंत हो तेव्हा, आणि नाव घालून! बहिणीने जपलंय पण किती." मामा म्हणाला, "अहो, मी ५८ साली चार वर्षांचा होतो. आणि मी हिचा भाऊ, मामा नव्हे." काकू म्हणाल्या, "तेच म्हणते मी, एवढ्या लहान वयात!" आणि त्यांनी तांब्यासोबत मामाचा फोटो काढला. मामाने फोटोला नकार दिला नाही, हे मी नोंदवून ठेवलंय.

पण खरा घात आत्याच्या डोक्यात चालू होता. ती काही न बोलता हॉल बघत फिरत होती आणि बेरीज करत होती. पन्नास पैशाचं पोस्टकार्ड. भिंतीला पोती. जेवायला पत्रावळ्या. केकच्या जागी पुरणपोळी, तीसुद्धा घरी केलेली. आणि आईला भेट म्हणून दुसऱ्या बाईचं नाव घातलेला सेकंडहँड तांब्या. हात धुताना तिने मला कोपऱ्यात घेतलं, "जावयांची नोकरी आहे ना गं?" म्हणलं, "आहे की." "हो हो," आत्या म्हणाली, "असंच सांगावं."

आणि मग लिफ्ट. आणि त्या नोटा.

मला राग याचा येतो की १२ हजारांचं हे प्रकरण जेवण सोडून २७ हजारांना गेलं. खऱ्या पत्रावळ्या प्लास्टिक कोटिंगच्या थाळ्यांपेक्षा महाग, दोन कंदील, त्यातल्या एकाची काच येतानाच रिक्षात फुटली, ट्रंकेचा टेम्पो, आणि पुरणयंत्र फिरवून उजवा खांदा गेला त्याचं फिजिओचं बिल तर यात धरलेलंच नाही. या २७ हजारांत माझ्या नऊ रात्री शून्य रुपयांना लावल्यात. हस्तनिर्मित म्हणतात तेव्हा हस्त कुणाचे हे कुणी विचारत नाही. भावाचे तर नव्हेतच. तो व्हिडिओ कॉलवर आला, म्हणाला, "बघ, साधेपणात किती मजा असते," आणि नेटवर्क गेलं. प्लास्टिकचा झेंडू लावला असता तर लोकांनी रांगेत उभं राहून सेल्फी काढले असते आणि दोन हजारांची मदत कुणी केली नसती. फायबरचं चाक बघून नोकरी गेल्याचा संशय कुणालाच येत नाही.

आज सकाळी मामाचा फोन आला. तो तांब्याचा फोटो त्याने सात व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, 'हक्कदारांनी संपर्क साधावा' असं लिहून. तीन दावे आलेत. साताऱ्याच्या एकांची आजी सुशीला, लग्न मे महिन्यातलंच, पण साल आठवत नाही. दुसऱ्यांचं साल जुळतं, पण आजीचं नाव सुमती. तिसरे फक्त विचारतायत की कितीला देणार.

"फेरफाराला हरकतीची मुदत पंधरा दिवस असते," मामा म्हणाला. "तोवर तांब्या आहे त्या स्थितीत ठेव. वापरायचा नाही. फुलं तर अजिबात घालायची नाहीत."

बरं म्हणलं. फोन ठेवून वळले तर आई स्वयंपाकघरात त्याच तांब्यातून गटागटा पाणी पीत होती. तिने पदराने तोंड पुसलं, फिरकीचं झाकण लावलं, फ्रिजवरच्या नोटांकडे बघितलं.

"आज बुधवार ना? बाजार असेल," ती म्हणाली. "वन्संच्या पैशातून अजून एखादं भांडं मिळतंय का बघ. माझ्या सासूबाईंच्या नावाचं. द्वारका. साल कुठलंही चालेल."