पुसणे आणि दुर्लक्ष करणे
लहानपणी मेंदू अनावश्यक सवयी ‘पुसून टाकतो’, असे एका लेखात म्हटले आहे; ते विधान मला थोडे घाईचे वाटते. उदाहरणार्थ, मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्रजीभाषक घरांतील ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांच्या उच्चारांमधला फरक (जो आपल्या मराठीतही आहे) ओळखता येत होता, परंतु वर्षाची होईपर्यंत त्यांची ती क्षमता बरीच ओसरली, कारण त्यांच्या कानांवर पडणाऱ्या भाषेत त्या फरकाने अर्थ बदलत नव्हता. तथापि पुरेसा सराव दिल्यास प्रौढांनाही असे भेद काही प्रमाणात पुन्हा जाणवू लागतात, म्हणजे ती क्षमता समूळ गेलेली नसते. बालपणी मेंदूतील चेतापेशींमधील न वापरल्या जाणाऱ्या जोडण्यांची छाटणी होते, हे खरेच. मात्र सुटलेल्या प्रत्येक सवयीचे श्रेय त्या छाटणीला देणे योग्य नाही.