दोन जिवांची आहेस, पडून राहा!

परवा मावसबहिणीचा फोन आला. पाचवा महिना लागलाय तिला. आवाज असा दबका, की जणू चोरी करायची परवानगी मागतेय. "ताई, मी पोहायला गेले तर चालेल का गं? घरात सगळे नको म्हणताहेत."

तिचं ऐकताना मला माझं पहिलं बाळंतपण आठवलं. सगळे रिपोर्ट चांगले होते. बीपी नीट, शुगर नीट, वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडापासून वर. तरी सगळ्यांनी मिळून मला पलंगावर बसवलं. प्रेमापोटीच, त्यात शंका नाही. मीही घाबरलेलीच होते. वाकले तर काही होईल, जिना चढले तर काही होईल. नववा लागेपर्यंत कंबर अशी धरली की कूस बदलायला पलंगाची कड पकडावी लागायची. बाळाला घेऊन पहिल्यांदा जिना चढले तेव्हा अर्ध्यावरच खाली बसले. बाळंतपणाचा अशक्तपणा होताच, पण पायातली ताकद त्याआधीच कितीतरी महिने पडून पडून गेली होती.

आराम केला तर निदान नुकसान तरी नाही, असं आपण धरून चालतो. मला हे अजिबात पटत नाही. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. त्यात दिवसचे दिवस झोपून काढले की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका आणखी वाढतो, स्नायू झिजतात, हाडंही कमजोर होतात. अकाली प्रसूती टाळण्यासाठी सरसकट अंथरुणावर पडून राहायला सांगू नये, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा सांगते. याच संघटनेने १९८५ साली सांगितलं होतं की व्यायाम करताना गरोदर बाईच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत. १९९४ मध्ये ती मर्यादा त्यांनीच काढून टाकली. आकडा मात्र अजून तोंडोतोंडी फिरतोच आहे.

खरं तर या काळात नाडीवर फार विसंबून चालत नाही. शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, हृदय आधीच जास्त काम करत असतं, म्हणून नेहमीच्याच जिन्यावर धाप लागते. त्यापेक्षा सोपी खूण अशी, की चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटांची हालचाल याच बेताने करायची, तीही गरोदरपणात काही अडचण नसेल तर. आधी सवय नसेल तर १० मिनिटांपासून सुरुवात करावी. याने गरोदरपणातला मधुमेह आणि बीपी वाढण्याची शक्यता कमी होते, वजन आटोक्यात राहतं, कंबरदुखी हलकी होते. आणि सगळं सुरळीत असलेल्या बाईचा गर्भ अशा व्यायामाने पडत नाही. ही भीती कितीतरी जणींना घरात डांबून ठेवते, म्हणून मुद्दाम लिहितेय.

दुसऱ्या वेळी मी रोज चालले. सातव्या महिन्यात स्वतःचे पाय दिसेनासे झाले, तेव्हा नवरा खाली बसून बुटांच्या नाड्या बांधायचा, दुहेरी गाठ मारून, कारण एकदा सुटलेल्या नाडीवर माझा पाय पडून तोल गेला होता. पोट पुढे आलं की शरीराचा तोल बदलतो आणि सांधेही सैल झालेले असतात. या काळातला खरा धोका असा असतो. म्हणून पडण्याची किंवा पोटाला मार बसण्याची भीती असलेले खेळ नकोत, स्कूबा डायव्हिंग नको, उकाड्यात कोंडून केलेला व्यायाम नको. दिवस भरत जातात तसा उताणं झोपून व्यायामही टाळायचा, कारण गर्भाशयाचा भार पाठीच्या बाजूच्या मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर येते.

एवढं चालूनही माझं सिझर झालं. "व्यायाम कर, नॉर्मल होईल" असं छातीठोक सांगणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. शक्यता थोडी वाढते म्हणण्यापर्यंत ठीक, पण हमी कोणी देऊ नये. सिझर झालेली बाई मग स्वतःलाच दोष देत बसते. माझ्या मैत्रिणीची वार खाली होती, सहाव्या महिन्यानंतरही वर सरकली नाही आणि डॉक्टरांनी तिला व्यायाम बंद करायला सांगितला. अगदी बरोबर सांगितला. ती मात्र इतर गरोदर बायकांचे व्यायामाचे व्हिडिओ बघून रडायची. नादा हाफेझ २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सात महिन्यांची गरोदर असताना तलवारबाजी खेळली, मला तिचं फार कौतुक आहे. पण तिच्या अंगात वर्षानुवर्षांचा सराव होता, तिचं माप दुसरीला कसं लावायचं?

वार खाली असणं, गर्भाशयाचं तोंड सैल असणं, बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाणं, रक्त फारच कमी असणं, हृदयाचे किंवा फुप्फुसाचे काही आजार, यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये. बाकीच्यांनीही अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, पोट ठरावीक वेळाने कडक होऊन दुखू लागलं, छातीत दुखलं, गरगरलं किंवा एकच पोटरी सुजून दुखली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन करावा.

बहिणीला मी हो किंवा नाही काहीच म्हणाले नाही. म्हटलं, पुढच्या तपासणीला "मी पोहू का" असं भीत भीत विचारू नकोस. "माझ्या रिपोर्टमध्ये व्यायाम टाळण्यासारखं काही आहे का" असं विचार, आणि सासूबाईंना बरोबर घेऊन जा, म्हणजे उत्तर त्याही ऐकतील.

काल तिचा मेसेज आला. वार वर आहे, बीपी नीट आहे. शिडीने पाण्यात उतरायचं, उडी मारायची नाही. ओल्या फरशीवर हात धरायला सासूबाई येणार आहेत.