परदेशातून: कर्णबधिरांच्या संस्थेत बोलतं कोण?

घरच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद चालू आहे. आमच्याकडच्या एका देवस्थानाने कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढायचं ठरवलं आहे. थोरल्या काकांचं म्हणणं, भक्तांनी देवाला वाहिलेला पैसा देवाच्याच कामी लागावा, शाळेला नको. मावसभाऊ म्हणतो, मिशनऱ्यांनी सेवेच्या आडून धर्म वाढवला, मग आपण मागे का राहायचं? मी लंडनला राहतो म्हणून दोघांनीही विचारलं, तुमच्याकडे कसं असतं?

लंडनमध्ये 1841 साली प्रौढ कर्णबधिरांसाठी एक संस्था निघाली. त्यांना काम मिळवून द्यायचं, मदत करायची आणि धर्मशिक्षण द्यायचं, हे तिन्ही हेतू तिने उघड सांगितले होते. 1870 च्या दशकात तिने ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सेंट सेव्हियर्स हे खास कर्णबधिरांचं चर्च उभारलं. राणी व्हिक्टोरियाचा आश्रयही तिला मिळाला. आज तीच संस्था रॉयल असोसिएशन फॉर डेफ पीपल या नावाने कायद्याचा सल्ला देते, नोकरी शोधायला मदत करते, आणि हे सगळं ब्रिटिश सांकेतिक भाषेत. धर्मशिक्षणापासून कोर्टकचेरीपर्यंत एवढा पल्ला तिने गाठला.

काकांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. 1880 मध्ये मिलानला शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. कर्णबधिर मुलांना बोलायलाच शिकवावं, खुणा बंद कराव्यात, असा ठराव झाला. पुढे कित्येक पिढ्या मुलं वर्गात खुणा करायला घाबरली. (या ठरावाबद्दल अशाच परिषदेने व्हँकुव्हरला खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये!) त्या काळात खुणांची भाषा वाढली ती कर्णबधिरांच्या क्लबात आणि लंडनच्या संस्थेसारख्या धार्मिक मिशनांच्या प्रार्थनेत. जी भाषा शाळेने हाकलली, तिला देवाच्या दारात जागा मिळाली. म्हणून शाळा हे देवाचं काम नव्हे, हे काकांचं म्हणणं मला पटत नाही.

पण मावसभावाचंही पटत नाही. मिशनचा माणूस कर्णबधिराचा दुभाषी असे, मालकाशी तोच बोले, डॉक्टरकडे तोच नेई. मायेने केलं तरी सूत्रं त्याच्याच हातात राहिली. फ्रान्सिस मॅगिन हा स्वतः कर्णबधिर असलेला आयरिश मिशनरी. ब्रिटनमध्ये कर्णबधिरांची देशव्यापी संघटना व्हावी म्हणून तो झटला. 1890 मध्ये ती झाली, आणि अध्यक्षपदी बसले ऐकू येणारे एक पाद्री. हे वाचताना मला आपल्याकडचे सत्कार समारंभ आठवले. मंचावर आपण, समोर मुलं, हातात खाऊचे पुडे.

आपल्याकडेही सुरुवात धर्मातूनच झाली. मुंबईतली शाळा, देशातली पहिली म्हणतात ती, 1880 च्या दशकात कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने निघाली. आज 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला स्थान आहे, दिल्लीत तिच्यासाठी केंद्र सरकारची संस्था आहे. तरी मूल खुणा करू लागलं की बोलायचं राहील, ही भीती आईबापांच्या मनातून जात नाही. ती भीती मला कळते. पण त्यापायी घरात मुलाला कोणतीच भाषा मिळत नाही, आणि ही वर्षं पुन्हा येत नाहीत.

आमच्या ग्रुपवर हे कुणी काढलंच नाही. पैसा कुणाचा, देव कुणाचा, यावरच शंभर मेसेज झाले. शाळा ज्यांच्यासाठी, त्यांच्यापैकी एकालाही कुणी विचारलेलं नाही.

देवस्थानाने शाळा जरूर काढावी, आरतीही व्हावी, खुणांतून व्हावी. माझ्या वाट्याची देणगी मी बाजूला काढून ठेवली आहे. मावसभावाला विश्वस्तांकडून दोनच गोष्टी विचारून घ्यायला सांगितलंय: शिकवणाऱ्यांत कर्णबधिर किती, आणि विश्वस्तांच्या बैठकीला कर्णबधिर सभासद व दुभाषी असणार का? उत्तर अजून यायचं आहे.