इंडियन रेस्टॉरंटात ज्वारीची भाकर

आज दुपारी परभणीतल्या एका फॅमिली रेस्टॉरंटात जे पाहिले, ते लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. शेजारच्या टेबलावर नऊवारीतल्या एक मावशी बसल्या होत्या. दवाखान्याच्या कामाला आल्या असाव्यात, कारण लेकाच्या हातात एक्स-रेचे भले मोठे पाकीट होते. लेकाने वाचून दाखवलेले सगळे मेनू कार्ड त्यांनी शांतपणे ऐकले आणि वेटरला विचारले, "बाबा, ज्वारीची भाकर नाही का?" गल्ल्यावरचा मालक तिथूनच ओरडला, "मावशी, हे इंडियन रेस्टॉरंट आहे, भाकर घरी खायची!" अर्धे हॉटेल हसले. मावशीही हसल्या, पण पदर तोंडाला लावून.

ज्या गावातल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती' नावाचे ज्वारीचे वाण दिले, त्याच गावात ज्वारीची भाकर मागणारी बाई अडाणी ठरते! मग हे 'इंडियन' म्हणजे नेमके कोण?

मला माझे वडील, अण्णा, आठवले. १९९६ साली पहिल्या पगारातून मी त्यांना औरंगाबादेत (तेव्हाचे नावच लिहितो) एका मोठ्या हॉटेलात नेले होते. वयाच्या पन्नाशीत ते पहिल्यांदाच अशा ठिकाणी जेवायला बसले होते. पनीर कशाचे असते, हे मी मोठ्या ऐटीत सांगितले, तर ते म्हणाले, "म्हणजे दूध नासवून वर पैसे घ्यायलेत?" काजूच्या गोडसर रश्श्याचा घास घेतल्यावर भाजीत साखर सांडली असे त्यांना वाटले. पुढे तर त्यांनी नान वाटीत घेतले आणि भाकरीसारखे कुस्करू लागले. नान कुठले कुस्करते? ते नुसते ताणले जात होते आणि अण्णांची बोटे रश्श्यात बुडत होती.

पंजाबी जेवणावर माझा राग नाही, हेही लिहून ठेवतो. फाळणीत सर्वस्व गमावून पेशावरकडून आलेल्या माणसांनी दिल्लीच्या दर्यागंजात 'मोती महाल' उभे केले आणि तिथल्या तंदूरची चव देशभर पोहोचवली. त्या कष्टांना नमस्कारच केला पाहिजे. पण एका प्रांताची चव 'इंडियन' आणि आमची येसराची (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची) आमटी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी मात्र 'घरचं', हा न्याय कुणी ठरवला? फार कशाला, औरंगाबादचा नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) तरी त्या कार्डावर कुठे असतो?

भाकरी हॉटेलला परवडत नाही, हे मान्य. ती हातावर थापावी लागते, आणि पीठ जुने होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की थापणाऱ्या बाईचाही इलाज चालत नाही. ढाब्यावर भाकरी मिळते, तेही खरे. "आमच्याकडे नाही हो, मावशी," एवढे म्हटले असते तरी पुरे होते. हसायचे काय कारण?

हे लिहिता लिहिता माझाच आवाज खाली येतो आहे. त्या दिवशी अण्णांवर कोणीही हसले नव्हते. मीच आजूबाजूला पाहत दातओठ खाऊन म्हणालो होतो, "अण्णा, कुस्करू नका, लोक बघायलेत." त्यांनी हात थांबवला, बोटे पुसली आणि माझ्याकडे बघत बघत माझ्यासारखा तुकडा तोडायला शिकले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, मजुरांना खायला मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढलेला माणूस तो. ताटात काही टाकणे त्यांना ठाऊकच नव्हते. वाटी त्यांनी चाटून पुसून स्वच्छ केली, बिलाचे १४० रुपये ऐकून ज्वारीच्या भावाचा काहीतरी हिशेब पुटपुटले आणि उरलेले दीड नान कागदात गुंडाळून पिशवीत टाकले. मी तेव्हा लाजेने बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

आज त्या मावशींनी शेवटी जिरा राईस आणि दाल मागवली. मी उठून मालकाला चार शब्द सुनवायला हवे होते. मी बिल देऊन निघून आलो.

औरंगाबादेतल्या त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावी चुलीजवळ बसून अण्णांनी ते नान बाहेर काढले. रात्रभरात ते वाळून कडक झाले होते. आईने वाढलेल्या येसराच्या आमटीत त्यांनी ते मोडून टाकले, थोडे भिजू दिले, मग बोटांनी बारीक कुस्करले आणि मला हाक मारली, "ये रे, आता जमलं बघ."