‘विद्यापीठांनी स्वतः कमवावं’, पण कशाच्या जोरावर?

“सरकारी विद्यापीठांना अनुदान कशाला? पेटंट विका, देणग्या गोळा करा, फी वाढवा. हार्वर्ड तसंच चालतं!” हा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. विद्यापीठांनी कमवावं, हे मलाही मनापासून वाटतं. पण अनुदान बंद करून कमवावं, हा हिशेब जुळत नाही.

हार्वर्ड मुळात खाजगी आहे. 1636 पासून चालत आलेल्या या संस्थेचा निधी आज 50 अब्ज डॉलरच्या वर आहे, पण त्यातले वर्षाला साधारण पाचच टक्के खर्चाला काढतात. शिवाय बराचसा पैसा देणगीदाराने नेमून दिलेल्या कामालाच लागतो. अध्यासनासाठी, म्हणजे ठरावीक विषयाच्या प्राध्यापकपदासाठी, आलेल्या देणगीतून वसतिगृहाचं गळकं छप्पर दुरुस्त होत नाही.

पेटंटचं म्हणाल तर कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांचं जनुक जोडण्याचं तंत्र घ्या. त्याच्या परवान्यांतून स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाला सुमारे 25 कोटी डॉलर मिळाले. मात्र मूळ संशोधन सरकारी पैशावर झालं होतं. शोध 1973चा, पहिलं पेटंट मिळालं 1980 साली. मधली सात वर्षं पगार कोण देणार होतं? आणि असं घबाड क्वचित एखाद्याला लागतं. अमेरिकेतल्याही बहुतेक विद्यापीठांत परवान्यांच्या कमाईतून पेटंट विभागाचा खर्च निघत नाही.

फीवर विसंबणं तर धोक्याचंच. ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर टेकली होती. 2020मध्ये सीमा बंद झाल्या आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

मग कमाई होते कुठे? तपासणीत, सल्लासेवेत, नोकरदारांसाठीच्या छोट्या अभ्यासक्रमांत. मी जवळून पाहिलेल्या एका प्रयोगशाळेत बाहेरचे उद्योग नमुने पाठवायचे, कामाची रांग लागलेली असायची. पण आलेला प्रत्येक पैसा मध्यवर्ती खात्यात जमा व्हायचा. एकदा यंत्राचा पंप बिघडला, तेव्हा नव्या पंपाची फाईल पाच महिने फिरत राहिली. तोवर उद्योगांनी दुसरी जागा शोधली.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. कमाईचा ठरलेला वाटा त्या त्या विभागाच्या हातात द्या, सुटा भाग घेण्याचा अधिकार विभागप्रमुखाला द्या, आणि जितकी कमाई तितकं अनुदान कापणं थांबवा. कापणारच असाल, तर कुठला विभाग जास्तीचा नमुना तपासायला घेईल? आणि ते यंत्रसुद्धा अनुदानातूनच आलं होतं.